वाटा आणि खिंडी : मार्जारकुळाच्या जनुकीय अभ्यासाची प्रस्तावना

१६१३ साली मुघल बादशहा जहांगीर याने आपल्या आठवणींत एक नोंद केली. पाळीव चित्त्यांच्या एका जोडीचा समागम झाला आणि मादीला तीन पिल्ले झाली. बादशहाला त्याचे नवल वाटले, कारण त्याच्या वडिलांनी, अकबराने, तरुणपणी हजारभर चित्ते जमवले होते. त्यांचा वंश वाढावा अशी अकबराची फार इच्छा होती. नर-माद्यांना बागेत मोकळे सोडूनही पाहिले, पण काही उपयोग झाला नाही. जहांगीराच्या या नोंदीनंतर बंदिवासात चित्ता जन्मल्याची पुढची नोंद थेट १९५६ सालची आहे, अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातली. मधली साडेतीनशे वर्षे माणसाने चित्ते पाळले, त्यांच्याकडून काळविटांची शिकार करवली, डोळ्यांवर टोपी चढवून त्यांना गाड्यांवरून मिरवले. पण दर वेळी नवा चित्ता हवा असला की तो रानातूनच धरून आणावा लागे. आपल्याकडे कोल्हापूर संस्थानातले चित्तेवान या कलेत नावाजलेले होते. विसाव्या शतकात हिंदुस्थानातले चित्ते मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूर आणि भावनगर या संस्थानांनी ते आफ्रिकेतून मागवले.

चित्ता बंदिवासात का वाढत नाही, हा बादशहाला पडलेला प्रश्न प्रयोगशाळेत पोहोचला तो १९८०च्या सुमारास. या विषयात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट आधी नीट समजून घ्यावी असे मला वाटते, कारण या शास्त्राची उमेद आणि त्याच्या मर्यादा, दोन्ही तिच्यात आहेत.

स्टीफन ओब्रायन, डेव्हिड विल्ट आणि मिचेल बुश यांनी दक्षिण आफ्रिकेतील चित्ते तपासायला घेतले. पहिली गोष्ट दिसली ती वीर्यात. पाळीव मांजराच्या तुलनेत चित्त्याच्या वीर्यात शुक्राणू फार कमी होते आणि त्यांतले बहुसंख्य सदोष होते. मग रक्ताचे नमुने तपासले. ५५ चित्ते आणि प्रथिने घडवणारी ४७ जनुकस्थाने. त्यांतल्या एकाही ठिकाणी दोन चित्त्यांत फरक सापडला नाही. १९८३ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तरी शंका उरलीच होती, म्हणून पुढे एक धाडसी प्रयोग झाला. १४ चित्त्यांच्या कातडीचे छोटे तुकडे काढून ते एकमेकांच्या अंगावर लावले. एकाची कातडी दुसऱ्याला लावली की शरीर तिला परके समजून टाकून देते; एकसारखी जुळी भावंडे तेवढी याला अपवाद. इथे मात्र नात्यागोत्याचा काहीही संबंध नसलेल्या चित्त्यांनी एकमेकांची कातडी आपलीच मानली. पाळीव मांजराची कातडी मात्र त्यांच्या शरीराने नाकारली. म्हणजे परके ओळखण्याची यंत्रणा शाबूत होती. दुसरा चित्ताच तिला परका वाटत नव्हता.

त्याच सुमारास अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात एका वन्यप्राणी उद्यानातल्या चित्त्यांमध्ये मांजरांचा एक कोरोना विषाणू शिरला. पाळीव मांजरांच्या घोळक्यात या रोगाने सहसा थोडीच मांजरे दगावतात. इथे निम्म्याहून अधिक चित्ते गेले. सगळ्यांची कुलुपे एकाच किल्लीची असली की चोराला दुसरे दार उघडायला वेगळे कष्ट पडत नाहीत.

असे कशामुळे झाले असावे? या प्रश्नाच्या उत्तराला शास्त्रीय परिभाषेत ‘बॉटलनेक’ म्हणतात. मला घाटातली खिंड जवळची वाटते. खिंडीच्या अलीकडे कळप कितीही मोठा असो, अडचणीच्या काळात पलीकडे पोहोचतात ते थोडेच, आणि पुढची सारी प्रजा त्या थोड्यांचीच असते. पलीकडे गेल्यावर कळप पुन्हा वाढतो, डोकी हजारांनी मोजता येतात, पण जनुकांच्या झोळीत खिंड ओलांडताना जे होते तेवढेच राहते. २०१५ साली चित्त्याचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला, तेव्हा अशा दोन खिंडींच्या खुणा मिळाल्या. एक लाखाहून अधिक वर्षांपूर्वीची आणि दुसरी सुमारे १२ हजार वर्षांपूर्वीची, म्हणजे शेवटचे हिमयुग ओसरतानाची. अकबराच्या बागेत जे जमत नव्हते त्याच्या मागे एवढा मोठा काळ उभा होता.

मात्र इथेच थांबलेला विद्यार्थी अर्धवट शिकलेला राहतो. १९९०च्या दशकात सेरेंगेटीच्या मैदानात वर्षानुवर्षे चित्त्यांमागे हिंडलेल्या टिम कॅरो आणि कॅरेन लॉरेन्सन यांनी या कथेला रोखठोक आक्षेप घेतला. त्यांनी मोजले होते की तिथल्या शंभरातली जेमतेम पाच पिल्ले स्वतंत्र होण्याच्या वयापर्यंत जगतात, आणि त्यांना मारतात ते प्रामुख्याने सिंह आणि तरस. जनुके कितीही सारखी असोत, रानातली चित्तीण व्यवस्थित गाभण राहते आणि विते. बंदिवासातल्या अपयशाचा दोष कदाचित जनुकांपेक्षा पिंजऱ्यावर, जोड्या लावण्याच्या पद्धतीवर अधिक असेल. पुढे नामिबियातल्या जंगली चित्त्यांच्या रोगप्रतिकारक जनुकांत आधी वाटले होते त्याहून अधिक वैविध्यही सापडले. या वादात एक बाजू जिंकली असे मी मानत नाही. चित्त्याची जनुकीय गरिबी खरी आहे आणि सिंहाने मारलेली पिल्लेही खरी आहेत. रक्ताच्या थेंबावरून प्राण्याचा भूतकाळ वाचता येतो, पण त्याला आज काय मारते आहे हे पाहायला मैदानात जावे लागते. या विषयातली उत्तम माणसे मी पाहिली ती दोन्हीकडे पाय रोवून उभी असलेली.

आता जरा मागे जाऊ, कारण खिंडीचा अर्थ वाटेशिवाय कळत नाही.

आजचे मार्जारकुळ म्हणजे सुमारे ४० प्रजाती. २००६ साली वॉरन जॉन्सन, ओब्रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकांवरून या कुळाचा वंशवृक्ष मांडला. त्यानुसार सगळ्या मांजरांच्या आठ शाखा होतात. त्यांतली वाघ-सिंहांची शाखा सर्वांत आधी, सुमारे १ कोटी ८ लाख वर्षांपूर्वी, आशियात वेगळी झाली. समुद्राची पातळी उतरली की खंडांमधले जमिनीचे पूल उघडे पडत आणि मांजरे त्यांवरून चालत जात. पातळी चढली की मागे-पुढे राहिलेल्यांच्या वाटा तुटत आणि त्यांची वेगळी घडण होई. खंड ओलांडण्याचे असे निदान दहा प्रवास या कुळाने केले. म्हणूनच चित्त्याचे सर्वांत जवळचे जिवंत नातलग आफ्रिकेत सापडत नाहीत. ते अमेरिकेत आहेत, प्यूमा आणि जॅग्वारुंडी. मला या कुळाच्या इतिहासात सर्वांत भावते ते हे चालणे. वाट मोकळी असणे आणि वाट तुटणे या दोन गोष्टींनी मिळून ही सगळी मांजरे घडवली आहेत. आज आपण फक्त दुसरी गोष्ट करतो आहोत, आणि तीही समुद्राच्या हजारपट वेगाने.

वंशवृक्ष वाचताना मात्र फसायला होते. पेशीत डीएनए दोन ठिकाणी असतो : केंद्रकात आणि तंतुकणिकेत. तंतुकणिकेतला डीएनए केवळ आईकडून येतो आणि मिळवायला सोपा असतो, त्यामुळे सुरुवातीचे बरेच संशोधन त्यावरच झाले. १९९४ साली पाळीव मांजरात एक चमत्कारिक गोष्ट उघडकीस आली. तंतुकणिकेतल्या डीएनएचा जवळजवळ अर्धा भाग फार पूर्वी कधीतरी केंद्रकात जाऊन बसला होता, आणि तिथे त्याच्या अनेक नकला ओळीने झाल्या होत्या. म्हणजे आपण आईचा वारसा वाचतो आहोत अशा समजुतीत भलतीच जुनी नक्कल वाचली जाण्याचा धोका! आणखी एक उदाहरण हिमबिबट्याचे. केंद्रकातला डीएनए सांगतो की हिमबिबट्याचा सख्खा भाऊ वाघ. तंतुकणिका त्याला सिंहाजवळ नेऊन बसवते. दोन्ही साक्षी खऱ्या मानल्या तर एकच उलगडा पटतो : वेगळ्या प्रजाती झाल्यानंतरही फार प्राचीन काळी यांच्या पूर्वजांत संकर झाला आणि कुणा एकीचा मातृवंश दुसऱ्या घरात राहून गेला. वंशवृक्ष म्हणतो खरा आपण, पण वडाच्या पारंब्यांसारखे पुन्हा एकमेकांत रुजणे त्यात पुष्कळ आहे.

नमुने मिळवण्याबद्दल थोडे. वाघाला बेशुद्ध करून रक्त काढण्याचे दिवस आता फारसे उरले नाहीत. वाटेवर पडलेल्या विष्ठेत आतड्याच्या पेशी असतात, झाडाच्या सालीला घासलेल्या अंगाचे केस असतात, संग्रहालयांत जुन्या शिकारींची कातडी आणि कवट्या असतात. बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातल्या उमा रामकृष्णन यांच्या गटाने अशा नमुन्यांवर भारतीय वाघाचा इतिहास उभा केला. जगातल्या वाघांच्या जनुकीय वैविध्याचा मोठा वाटा भारतात आहे हे त्यातून कळले. आणि ब्रिटिश काळातल्या कातड्यांशी तुलना केल्यावर हेही कळले की त्या वाघांत आढळणारे मातृवंशाचे बहुतेक प्रकार आजच्या वाघांत दिसत नाहीत. २०२२च्या गणनेनुसार देशात किमान ३,१६७ वाघ आहेत, आणि त्याचा आनंद मानावाच. पण ते वैविध्य डोक्यांच्या मोजणीत दिसत नाही, आणि गेलेले परत येत नाही.

गीरचे उदाहरण याच अंगाने पाहावे. जुनागढच्या नवाबांनी संरक्षण दिले तेव्हा सिंह अगदी थोडे उरले होते; २०२५च्या गणनेत ते ८९१ भरले. संरक्षणाची याहून मोठी यशोगाथा सापडणे कठीण. तरीही १९८७ साली तपासलेले गीरचे सिंह जनुकीयदृष्ट्या चित्त्यासारखेच एकसाची निघाले होते, आणि २०१८ साली कॅनाइन डिस्टेंपर विषाणूने तिथले सिंह मरू लागले तेव्हा अभ्यासकांच्या पोटात गोळा उठला. याच विषाणूने १९९४ साली सेरेंगेटीतले सुमारे एक तृतीयांश सिंह नेले होते. सेरेंगेटीचे सिंह सावरले, कारण आजूबाजूला इतर सिंह होते. गीर आणि त्याच्या परिसराबाहेर आशियात दुसरे जंगली सिंह नाहीत. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने काही सिंह मध्य प्रदेशातल्या कुनोत हलवण्याचा आदेश दिला होता. कुनोत पुढे, २०२२ पासून, आले ते आफ्रिकेतले चित्ते. गीरचे सिंह अजून गुजरातेतच आहेत. माझ्या मते या विषयातले सर्वांत मोठे अपूर्ण काम हेच आहे.

गीरच्या सिंहाच्या नात्यागोत्याचीही एक कहाणी आहे. अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांनी शुद्ध आशियाई म्हणून जोपासलेल्या सिंहांच्या पाच मूळ पूर्वजांपैकी दोन आफ्रिकी वंशाचे निघाले आणि तो सगळा प्रकल्प गुंडाळावा लागला. पुढे २०१७ साली मार्जारकुळाच्या वर्गीकरणाची नवी मांडणी झाली, तीत गीरचा सिंह पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या सिंहांबरोबर एकाच उपजातीत ठेवला गेला. वाघाच्याही त्या मांडणीत दोनच उपजाती राहिल्या. पाठोपाठ २०१८ साली संपूर्ण जनुकसंचांच्या अभ्यासाने सहा वेगळे गट दाखवले. असल्या मतभेदांनी नवख्या वाचकाने गोंधळू नये. निसर्गात रेषा नसतात, त्या आपल्याला कायद्यासाठी आणि बोलण्यासाठी हव्या असतात. मात्र रेषा कुठे ओढली यावर कुणाला कुठे न्यायचे, कुणाचा संकर होऊ द्यायचा हे ठरते, म्हणून ती जपून ओढावी.

संकराचा प्रश्न सर्वांत धीटपणे हाताळला गेला तो फ्लोरिडात. १९९०च्या दशकाच्या आरंभी तिथे प्यूमांची संख्या २० ते ३० वर आली होती. शेपट्या टोकाला वाकड्या, पाठीवर केसांचे भोवरे, नरांत न उतरलेले वृषण, हृदयात छिद्रे. गावचा एकच वळू वर्षानुवर्षे ठेवला तर काय होते ते आपल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. मेंढपाळही एडका बदलतोच. १९९५ साली टेक्सासमधून आठ प्यूमा माद्या आणून फ्लोरिडात सोडल्या. त्यांतल्या पाच व्याल्या. पुढच्या पिढ्यांत व्यंगे घटली, पिल्ले अधिक जगू लागली, संख्या कित्येक पटींनी वाढली. ‘शुद्ध’ फ्लोरिडा प्यूमा त्यात संपला अशी टीका झाली. शुद्धता जपून नामशेष होण्यापेक्षा हे बरे, असे मी मोकळेपणाने म्हणतो.

आणि आता आपल्या घरची गोष्ट. ओडिशातल्या सिमिलिपालच्या जंगलात काळसर वाघ दिसतात. पट्टे इतके रुंद होऊन एकमेकांत मिसळलेले असतात की लांबून वाघ काळाच वाटतो. विनय सागर, उमा रामकृष्णन आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली याचे कारण शोधले : टॅक्पेप नावाच्या जनुकातला एकच बदल. हे जनुक ओळखीचे होते. याच जनुकातल्या बिघाडाने घरच्या मांजराच्या अंगावर पट्ट्यांऐवजी मोठी वळणदार नक्षी येते, आणि याच जनुकामुळे चित्त्यांत कधीतरी जाड पट्ट्यांचा, ‘किंग चित्ता’ म्हणून मिरवणारा प्राणी जन्मतो. घराच्या ओट्यावरचे मांजर, आफ्रिकेतला चित्ता, ओडिशातला वाघ! लक्षावधी वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या तीन घरांत ठिपक्यांची रांगोळी घालणारा हात एकच. मी ज्या ज्या विद्यार्थ्यांना हे सांगितले, त्यांचे डोळे चमकलेले पाहिले आहेत.

पण या सुंदर वाघाची दुसरी बाजू आहे. आई आणि बाप दोघांकडून हा बदल आला तरच पिल्लू काळे होते. सिमिलिपालमध्ये तपासलेल्या वाघांत अशांचे प्रमाण ३७ टक्के होते. त्याबाहेरच्या जंगलांत ते कुठेच आढळले नाहीत. थोडे वाघ, आजूबाजूला दुसरे वाघ नाहीत, आणि एका पूर्वजाचे जनुक निव्वळ योगायोगाने घरभर झालेले. काळा रंग हा इथे एकटेपणाचा रंग आहे. म्हणून २०२४च्या अखेरीस आपल्या ताडोब्यातून जमुना आणि झीनत या दोन वाघिणी सिमिलिपालला पाठवण्यात आल्या. झीनत तिथे टिकेना; झारखंड ओलांडून ती पश्चिम बंगालात बांकुड्यापर्यंत गेली, तिला पकडून परत आणावे लागले. सगोत्र विवाह टाळण्यासाठी लेकीला दूर द्यावे हे आपल्या पूर्वजांना पटले होते, पण लेकीला सासर मानवेल की नाही याची हमी त्यांनाही देता आली नव्हती. जनुकांचे गणित कागदावर जुळवून वाघीण नेता येते. रमणे तिच्यावर असते.

म्हणून मला उसन्या बचावापेक्षा मोकळी वाट अधिक मोलाची वाटते. २०१९ साली यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण नर वाघ निघाला. गळ्यात रेडिओ कॉलर असल्यामुळे त्याचा मार्ग कळत गेला. तेलंगणात शिरून तो परत आला, कपाशीची आणि तुरीची शेते, रस्ते, नाले ओलांडत बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तोवर तो सुमारे १,३०० किलोमीटर चालला होता. लोकांनी त्याला ‘वॉकर’ म्हटले. मध्य भारतातल्या वाघांच्या विष्ठेवरून झालेल्या अभ्यासांनी हेच आधी दाखवले होते : मेळघाट, पेंच, कान्हा, सातपुडा, ताडोबा इथले वाघ अजून एका सैल धाग्याने बांधलेले आहेत, आणि जिथे महामार्ग, खाणी, दाट वस्ती आहे तिथे तो धागा विरतो आहे. पेंचजवळ राष्ट्रीय महामार्ग ४४ खाली प्राण्यांसाठी मार्ग बांधले गेले, त्यांतला एक साडेसातशे मीटर लांबीचा आहे, आणि वाघ ते वापरतात. मात्र वॉकरची कथा इथे संपवता येत नाही. ज्ञानगंगेत वाघीण नव्हती. वाघ पोहोचला, त्याची जनुके पोहोचली नाहीत. पावलांचा माग आणि जनुकांचा माग यांतला हा फरक समजला की या शास्त्राचे अर्धे गणित समजले.

या विषयात यायला काय लागते असे मला नेहमी विचारतात. संख्याशास्त्राची भीती नको. ती असली तरी वर्षभरात जाते. संगणकाशी थोडी दोस्ती हवी. त्याहून जास्त हवी ती उन्हात चालण्याची आणि वनरक्षकाचे, गुराख्याचे बोलणे ऐकून घेण्याची सवय, कारण कोणत्या नाल्यात प्राणी उतरतो हे त्यांनाच ठाऊक असते. वाघ-सिंहांच्या मागे जाणारे पुष्कळ आहेत. भारतात मूळच्या १५ जंगली मांजरांच्या प्रजाती आहेत, आणि त्यांतल्या लहानग्यांच्या वाट्याला फार थोडे अभ्यासक आले. जुन्नर-नाशिककडे ऊसतोडणीच्या वेळी फडात इवलीशी ठिपकेदार पिल्ले सापडतात. बिबट्याची म्हणून गलका होतो, वनखात्याची माणसे येतात, आणि कळते की ही वाघाटीची आहेत, जगातल्या सर्वांत लहान मांजरांपैकी एकीची. वाघाटी हे नावही काही भागांत एका मांजराला आणि काही भागांत दुसऱ्याच मांजराला लावतात. नावापासूनच शोध सुरू करावा लागतो. पिल्ले रात्री त्याच जागी ठेवली की बहुधा आई येऊन उचलून नेते. पिल्ले ठेवलेल्या टोपलीत मागे दोन-चार केस राहतात.

तेवढे केस पुरतात. ते चिमट्याने कसे उचलावे, कोरड्या कागदी पाकिटात का ठेवावे, वर दिनांक, गाव आणि फडाची जागा कशी लिहावी, याने पहिले प्रकरण सुरू होते.